मुलांनी बनवलेला अहिराणी गेम पीएसपीवर चालवायचा आहे. कंपनीचं कुलूप काढावं का?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावी-सातवीची मुलं यंदा जीबी स्टुडिओमध्ये एक छोटा गेम तयार करत आहेत. हे सॉफ्टवेअर ख्रिस माल्टबी यांनी २०१९ मध्ये सगळ्यांसाठी मोकळं केलं. फुकट आहे, कोड लिहावा लागत नाही. चित्रं काढायची, ठोकळे जोडायचे की निन्टेन्डोच्या गेम बॉय या जुन्या, हातात धरायच्या गेमयंत्रावर चालेल अशी फाइल मिळते.

आमच्या गेममध्ये एक मुलगी कानबाई या आमच्या खान्देशी देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण आणायला निघते आणि वाटेत गावातली माणसं तिला भेटत जातात. सगळे संवाद मुलांनी अहिराणीत लिहिले आहेत. शाळेत जी भाषा बोलायला मुलं बिचकतात, तीच पडद्यावर उमटल्यावर वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

फोनच्या ब्राउझरमध्ये गेम चालतो. पण फोन वडिलांचा असतो आणि हातात आला की पोरं रील्सकडे वळतात. मला बटणं असलेली, गेमसाठीच असलेली वस्तू हवी आहे. एका माजी विद्यार्थ्याने दोन जुने पीएसपी (सोनीची हातात धरून गेम खेळायची यंत्रं) शाळेला दिले आहेत. चालू आहेत, त्यात ६.६१ फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आहे. आपला गेम त्यावर चालवायचा तर कंपनीने घातलेलं बंधन ओलांडावं लागतं, असं वाचलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं करणं योग्य आहे का? आणि करायचं तर पीएसपीच घ्यावा की दुसरं काही? मुलांसमोर करायचं आहे, म्हणून पहिला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

भरीतप्रेमी
ताई, आधी तो गेम इथे टाका. सल्ला नंतर देतो, आधी दळण आणून येतो.

सोल्डरगन
जळगावात गोलाणी मार्केटला बरीच वर्षं रिपेअरिंग करतोय, त्यामुळे पीएसपीबद्दल बोलू शकतो.

ताई, ६.६१ ही सोनीची पीएसपीसाठीची शेवटची आवृत्ती, २०१५ ची. त्यानंतर कंपनीने त्या यंत्राकडे पाहिलेलं नाही. त्यावर बाहेरचा प्रोग्रॅम चालवायला आता काही फोडावं लागत नाही. पीएसपी फक्त कंपनीची डिजिटल सही असलेला प्रोग्रॅम चालवतो, आणि ती सही करायच्या किल्ल्या २०११ च्या सुरुवातीला बाहेर आल्या. तेव्हापासून होमब्रूवाले, म्हणजे कंपनीबाहेर स्वतःचे प्रोग्रॅम लिहिणारे, आपल्या प्रोग्रॅमवर तशीच सही करतात आणि यंत्र तो मुकाट्याने चालवतं. मूळ फर्मवेअरला कायमचा हात न लावताही काम होतं.

याआधीची गंमत वेगळीच होती भो. २००५ मध्ये १.५० फर्मवेअरमध्ये फट सापडली. सोनीने २.०० आणलं, फट बुजवली आणि सोबत वेब ब्राउझर दिला. म्हणजे ब्राउझर पाहिजे तर होमब्रू सोडा. काही आठवड्यांत २.०० मध्येही टिफ चित्राच्या फाइलमधून रस्ता निघाला. मग नवे गेम डिस्कसोबतच नवं फर्मवेअर आणू लागले, ते टाकल्याशिवाय गेम सुरूच होईना. २००७ मध्ये तर बॅटरीच किल्ली झाली. बॅटरीच्या आत एक छोटी मेमरी असते, तिच्यातला सिरीयल नंबर सगळा एफएफ केला की पीएसपी समजतो आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत आणि थेट मेमरी स्टिकवरून सुरू होतो. त्या बॅटरीला लोक पँडोरा म्हणायचे. कंपनीने स्वतःच्या दुरुस्तीसाठी ठेवलेलं मागचं दार होतं ते. मेलेले पीएसपी त्याच दाराने जिवंत झाले.

एक इशारा. आधी बॅटरीचं झाकण उघडून बघा. जुन्या बॅटऱ्या फुगतात. फुगली असेल तर मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.

जंक्शन
भुसावळहून. इंजिनिअरिंगला आहे. माझं मत सरळ आहे: यंत्र विकत घेतलं की त्यावर काय चालवायचं हे मालकाने ठरवायचं. ताईंनी विचारायचीसुद्धा गरज नाही.

आणि कंपन्यांचा माज वाढतच चाललाय. निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये अमेरिकेतला वापरकर्ता करार बदलला. अटी मोडल्यास तुमचं खातं किंवा यंत्र पूर्ण किंवा अंशतः कायमचं निकामी करण्याचा हक्क कंपनीने त्यात स्वतःकडे घेतला आहे. पैसे आपण मोजायचे आणि वस्तूचा जीव त्यांच्या हातात? त्यांच्या स्विच या गेमयंत्रात तर मोठं अपडेट आलं की चिपमधले सूक्ष्म फ्यूज जाळतात, जुन्या आवृत्तीवर परत जाताच येऊ नये म्हणून. जळलेला फ्यूज काही परत जोडता येत नाही.

खान्देशी_कोडर
मूळचा शहाद्याचा, आता पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. जंक्शन, तू म्हणतोस तितकं सोपं नाही रे.

आमच्या टीमने बराच काळ खपून एक पैसे देऊन घ्यायचा गेम काढला होता. आला त्याच आठवड्यात तो फुकट वाटणाऱ्या साइटवर होता, आणि तिथून उतरवलेल्या लोकांचे ‘गेम अडकतोय’ म्हणून आम्हालाच मेल येत होते. कुलूप नसेल तर आमच्यासारख्यांनी पोट कसं भरायचं?

२०२४ चं युझूचं प्रकरण आठव. तो स्विचचा एम्युलेटर, म्हणजे स्विचचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम. निन्टेन्डोने दाव्यात म्हटलं की त्यांचा एक मोठा गेम बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा बेकायदा उतरवला गेला. युझूवाल्यांनी २४ लाख डॉलर द्यायचं मान्य करून काम बंद केलं. त्यांच्या कोडमध्ये स्वतःची कला होती हे मला मान्य आहे. पण ते वापरणारे सगळे स्वतःचे गेम लिहिणारे नव्हते.

सोल्डरगन
कोडर भाऊंचं खरं आहे. २००८-०९ च्या सुमारास दुकानात पीएसपी घेऊन येणाऱ्या बहुतेक पोरांना होमब्रू नको असायचं, फुकट गेम हवे असायचे. रस्ता तोच आणि त्यावरून दोन्ही जातात. पण त्यासाठी रस्ताच उखडावा हे मला पटत नाही.

आप्पा_पारोळा
पैसा आपला, डबं आपलं, मंग कुलूप कंपनीनं कसाले?

आमच्या ट्रॅक्टरचंही हेच होऊन राहिलं. नवीन ट्रॅक्टरमध्ये कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष कळत नाही. पेरणीच्या वेळी मेकॅनिक चार दिवस येत नाही, वाफसा निघून जातो. पोरांच्या खेळण्याचं मला कळत नाही, पण दुखणं एकच दिसतं.

वकीलसाहेब_धुळे
आप्पा, बरोबर ओळखलंत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात शेती अवजारं आणि मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही आहेत. मात्र ते पोर्टल आहे, कायदा नाही.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं. तांत्रिक कुलूप ओलांडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्या कलमात एक अट आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: कुलूप ओलांडण्यामागे कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे. मुलांनी स्वतः लिहिलेला गेम चालवण्यात कोणाच्या हक्काचा भंग होतो? शिवाय कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या हाती असलेल्या प्रोग्रॅमशी स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याची मुभा आहे, ती माहिती सहज मिळत नसेल तर.

अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा यापेक्षा कडक आहे. तिथे हेतू काहीही असो, कुलूप ओलांडणंच मुळात मना, आणि दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला, म्हणजे फोनवरचं कंपनीचं कुलूप काढण्याला, सवलत मिळाली. २०१२ मध्ये गेम कन्सोलसाठी तीच मागितली तेव्हा नाकारली गेली. इंटरनेटवर ‘हे बेकायदेशीर आहे’ म्हणून जे वाचायला मिळतं, ते बरंचसं तिथल्या कायद्याबद्दल असतं. ताई, माझ्या मते तुम्ही निर्धास्त राहा. मात्र हे सर्वसाधारण मत समजा. पीएसपीत दुसऱ्याचे गेम भरून दिलेत तर हेतूची ती ढाल उरणार नाही.

खान्देशी_कोडर
वकीलसाहेब, धन्यवाद. ताईंच्या बाबतीत माझा विरोध नाहीच. माझा मुद्दा एवढाच की कुलूप म्हणजे निव्वळ माज, हे जंक्शनचं म्हणणं मला मान्य नाही.

जंक्शन
दादा, मग कंपनीने चोरासाठी कुलूप ठेवावं आणि बनवणाऱ्यासाठी दार द्यावं. हे जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. २०२२ मध्ये आलेला प्लेडेट बघा, छोटं पिवळं गेमयंत्र. गेम लिहायचं साहित्य कंपनी फुकट देते आणि आपला गेम आपल्या यंत्रावर टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच वर्षीचा व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक तर उघड लिनक्स संगणक आहे, डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन काय हवं ते टाका. म्हणून काही तिथलं गेमचं दुकान बुडालं नाही.

सोनीनेसुद्धा वीटा या पीएसपीनंतरच्या यंत्रावर २०१२ मध्ये प्लेस्टेशन मोबाइल नावाने असं एक दार उघडलं होतं. लहान लोकांनी त्यासाठी गेम लिहिले. २०१५ मध्ये ते बंद केलं. मग २०१६ मध्ये वीटाचं कुलूप काढणारं हेन्काकू आलं आणि लोकांनी आपलं दार आपण केलं. दार बंद केल्यावर बाहेर उभे असतात त्यांत चोरही असतात आणि कारागीरही. कंपनीला दोघांत फरक करायचा नसतो.

खान्देशी_कोडर
फरक करायला माणसं आणि पैसे लागतात. स्टीम डेकमागे एवढं मोठं दुकान आहे की व्हॉल्व्हला यंत्रातून फार नफा नको असतो. सगळ्यांना ते परवडत नाही. पण प्लेडेटचं उदाहरण चांगलं आहे, त्यावर मला उत्तर नाही.

मिरचीबाजार
नंदुरबारहून. मी आई म्हणून लिहिते. मुलासाठी जुना हॅण्डहेल्ड, म्हणजे हातात धरायचं गेमयंत्र, सेकंड हॅण्ड घेतला. घरी आणून चालू केला तर ऑनलाइन काही चालेना. आधीच्या मालकाने काहीतरी केलं होतं म्हणून कंपनीने त्या यंत्राला बंदी घातलेली. मी काय केलं होतं? विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. कंपनीने ‘निर्णय अंतिम’ एवढं कळवलं. ज्याने केलं तो सुटला आणि मुलगा मात्र रडला.

म्हणून जुनं यंत्र घेणाऱ्यांनो, आधी दुकानातच वायफाय जोडून बघा.

सोल्डरगन
ताई, याचा राग आम्हालाही येतो. बंदी यंत्राच्या नंबरवर लागते, माणसावर नाही. गिऱ्हाईकाला आम्ही काय सांगायचं?

राजवाडेभक्त
धुळेकर. जरा वेगळ्या बाजूने बोलतो, कारण माझा जीव जुन्या कागदांत आहे.

सोनीने मार्च २०२१ मध्ये पीएस३, पीएसपी आणि वीटाची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं. ओरड झाली तेव्हा पीएस३ आणि वीटाची ठेवली, पीएसपीचं जुलैमध्ये बंद केलंच. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला आपल्या थ्रीडीएस या हॅण्डहेल्डचं दुकान बंद केलं. जे गेम फक्त तिथेच मिळत होते ते आता विकत घेण्याची सरळ वाटच उरली नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तर तिथल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते.

मग हे गेम जपतंय कोण? ज्यांना कंपन्या चाचे म्हणतात त्यांच्यातलेच काही लोक. आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे. इतिहासाचार्य वाड्यावाड्यांतून, माळ्यावरून दप्तरं गोळा करत हिंडले नसते तर ते कागद वाण्याच्या पुड्यांना गेले असते. गेमच्या बाबतीत माळ्याला कुलूप आहे आणि मालक म्हणतो, कुजलं तरी चालेल पण हात लावू नका. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी संशोधकांना असे गेम दुरून बघू देण्याची परवानगी मागितली होती, तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली.

कोडर भाऊ, तुमचा गेम आज विकला जातोय तोवर त्याला संरक्षण हवंच. पण तुमची कंपनी उद्या नसेल तेव्हा तुमची मेहनत कोणी बघावी असं वाटतं की नाही?

खान्देशी_कोडर
वाटतं. आमचा पहिला गेम आजच्या फोनवर चालतच नाही आणि त्याचा सोर्स ज्या हार्डडिस्कवर होता ती कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

भरीतप्रेमी
गंभीर चाललंय म्हणून थ्रीडीएसचा एक किस्सा. क्युबिक निंजा नावाचा गेम होता, फारसा कोणी विचारत नव्हतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कळलं की त्याच्यातल्या क्यूआर कोड वाचण्याच्या सोयीतून थ्रीडीएसवर होमब्रू चालतं. बातमी फुटली आणि त्या गेमच्या जुन्या प्रतींचे भाव भडकले. आपल्याकडे श्रावणात केळीचे चढतात तसे.

रावेरकर
भाव चढतात तेव्हा आमच्या हातात काय येतं ते नका विचारू. पण किस्सा झकास.

बिटबाइट
इलेक्ट्रॉनिक्सचा जुना विद्यार्थी. ताई, तुमच्या मुलांना दाखवण्यासारखी एक गोष्ट. तुमच्या कानबाईच्या गेमच्या फाइलमध्येसुद्धा निन्टेन्डोचा लोगो आहे! मूळ गेम बॉय सुरू होताना कार्ट्रिजमधले ४८ बाइट वाचतो, आपल्या आत साठवलेल्या लोगोशी ताडून बघतो आणि जुळलं नाही तर तिथेच थांबतो. तपासणारा तो प्रोग्रॅम अवघा २५६ बाइटचा. त्यामागचा कावा असा की परवानगीशिवाय गेम काढणाऱ्याला लोगो घालावाच लागेल आणि मग ट्रेडमार्कवरून पकडता येईल.

सेगा या गेम कंपनीनेही आपल्या कन्सोलमध्ये असाच सापळा लावला होता. १९९२ मध्ये ॲकोलेड कंपनीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने सेगाचं म्हणणं मान्य केलं नाही. यंत्रावर चालण्यासाठी जे घालणं भागच आहे त्याचा दोष गेमवाल्यावर टाकता येत नाही, अशी कोर्टाची भूमिका होती. आज जगभर लोक गेम बॉयसाठी नवे गेम लिहितात ते या ४८ बाइटांसह.

पांझराकाठ
किती छान माहिती! ते ४८ बाइट उद्याच वर्गात दाखवते. वकीलसाहेब, हेतूचा मुद्दा मला मुलांना समजावून सांगता येईल, त्याबद्दल मनापासून आभार.

आता दुसऱ्या प्रश्नावर कोणी सांगेल का? एक अडचणही आली आहे. जीबी स्टुडिओमध्ये देवनागरी नीट बसत नाही. ८ बाय ८ पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या) चौकटीत मात्रा आणि उकार चिरडले जातात.

जंक्शन
ताई, हिशोबच बघा ना. आठ ओळींतली एक शिरोरेखेला, वर मात्रेला दोन, खाली उकाराला दोन. अक्षराला तीन ओळी उरतात. तीन ओळींत ‘क्ष’ काढून दाखवणाऱ्याला माझ्याकडून शेवभाजी.

फॉण्टचा नाद सोडा. संवाद चित्र म्हणून काढा. १६ पिक्सेल उंचीची अक्षरं घ्या, ती सुटसुटीत वाचता येतात. फक्त एका दृश्यात ८ बाय ८ चे १९२ पेक्षा जास्त वेगळे चौकोन चालत नाहीत. पूर्ण पडदा २० गुणिले १८ म्हणजे ३६० चौकोनांचा, पण एकसारखे चौकोन एकदाच मोजले जातात. खाली चार चौकोन उंचीची संवादाची पट्टी ठेवली तर ती फार तर ८० घेते, उरलेल्यात गाव बसवा. आकाश मोकळं ठेवा.

बिटबाइट
आणि इथेच पीएसपी मार खातो. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४, पीएसपीचा ४८० बाय २७२. उंची दुप्पट करायला २८८ लागतात, तेवढी जागा नाही. मूळ आकारात चित्र टिचभर दिसतं, आणि ताणलं की १.८९ पट होतं. म्हणजे काही ओळी एकेरी, काही दुहेरी, नाहीतर सगळंच धूसर. इंग्रजी अक्षरं निभावतात, आपली शिरोरेखा मात्र कुठे जाड कुठे बारीक दिसते.

आर३६एस नावाचा स्वस्त चिनी हॅण्डहेल्ड मिळतो, पडदा ६४० बाय ४८०. तिप्पट केलं की ४८० बाय ४३२, अगदी स्वच्छ बसतं. आत लिनक्स आहे, कुलूपच नाही, गेमची फाइल कार्डावर टाकली की झालं. एम्युलेटर गेम बॉयचा, गेम तुमचा.

मिरचीबाजार
पण त्या चिनी यंत्रासोबत येणाऱ्या कार्डात हजारो गेम भरलेले असतात, ते सगळे कोणाचे आहेत?

खान्देशी_कोडर
ताई, लाख बोललात. ते चोरीचेच. यंत्र उघडं असणं वेगळं आणि दुसऱ्याचं काम भरून विकणं वेगळं, हे शाळेत दाखवायची याहून चांगली संधी नाही. ते कार्ड काढून ठेवा, नवं कोरं घाला, त्यात फक्त मुलांचा गेम. मी एका यंत्राचे पैसे द्यायला तयार आहे. आणि शहाद्याकडची अहिराणी घालायची असेल तर संवादही लिहून देईन.

आप्पा_पारोळा
एक यंत्र मनाकडथून. नातवाला सांगून पैसे पाठवतो. दळण आनारी पोरगीनं नाव काय ठेवं?

पांझराकाठ
आप्पा, कोडर दादा, काय बोलू! मुलीचं नाव मुलांनी जनी ठेवलंय. शाळेच्या नावाने रीतसर पावती देईन, मुख्याध्यापकांशी बोलून घेते. दोन्ही पीएसपी बॅटरी काढून प्रयोगशाळेत ठेवते. सोल्डरगन दादांनी सांगितलेली बॅटरीची गोष्ट मुलांना ते पीएसपी समोर ठेवूनच सांगायची आहे.

कार्ड किती जीबीचं घेऊ?

सोल्डरगन
३२ पुष्कळ झालं. सोबत आलेली कार्डं लवकर दगा देतात, म्हणून ती तशीही बदलावीच लागतात. नावाजलेल्या कंपनीचं घ्या आणि बिल घ्या. मूळ कार्डावरची सिस्टिम नव्या कार्डावर टाकावी लागेल, कोरं कार्ड नुसतं घालून यंत्र सुरू होणार नाही. ते काम माझ्याकडे द्या. धुळ्याला कोणी येत असेल त्याच्याबरोबर यंत्रं पाठवा, गेमचे फोल्डर रिकामे करून परत देतो. पैसे नकोत.

जंक्शन
मी शनिवारी धुळ्याला येतोय, घेऊन जातो. ताई, जोडाक्षरांची चित्रं मी काढतोय. ‘ऱ्ह’ आणि ‘न्ह’ झालेत, अजून कोणती लागतील त्याची यादी मुलांकडून करून पाठवा.